आधी विचार, मग मिसळ

अकरावीत असताना दर शनिवारी आमच्या कॉलेजात एक समुपदेशक बाई मोपेडवरून यायच्या. जीव नकोसा झालेल्या मित्रमैत्रिणींना आधार कसा द्यायचा, ते आम्हा पोरापोरींना शिकवायच्या. पदर खोचून बोलायला लागल्या की आवाज पार पटांगणापर्यंत जायचा!

सरावात एकानं दुःखी व्हायचं, दुसऱ्यानं त्याच्याशी बोलायचं. आमची चूक ठरलेली. "सोड की लेका, चल, मिसळ खाऊया!"

बाई डस्टर आपटायच्या. "मिसळ नंतर! आधी सरळ विचार, मरावंसं वाटतंय काय? विचारल्यानं कोण मरत न्हाय. व्हय म्हणाला तर एकटा सोडू नको, मोठ्या माणसाकडं आण."

रस्त्यापलीकडून "जेवलीस काय?" म्हणून ओरडणारे आम्ही, पण हा प्रश्न आला की सगळ्यांचे घसे बसायचे.

सहामाहीच्या निकालानंतर माझी मैत्रीण डबाच उघडेना. एका शनिवारी मी धीर करून विचारलं. ती म्हणाली, "व्हय."

तिचा हात धरून मी तिला थेट बाईंकडं नेलं. बाई तिच्याशेजारी फरशीवरच बसल्या. "बरं झालं सांगितलंस," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला तो आवाज ओळखू येईना.

तिच्या आईला बोलावून घेतलं. पुढं डॉक्टर होते, बरेच महिने होते. पण त्या दुपारी आईच्या कुशीत रडून झाल्यावर ती म्हणाली, "भूक लागलीया."

बाई ताडकन उठल्या आणि गरजल्या, "आता मिसळ! चौघींची सांग, कट जास्त! पळ!"

मी जिना कसा उतरले, ते मला आजही आठवत नाही.