ओठावरची गाठ

पेणच्या खाडीकाठी मिठागरात उभा जन्म काढलेल्या पुंडलिकच्या खालच्या ओठावर म्हातारपणी जांभळट गाठ आली. जेवताना दात लागला की ती रक्ताळायची. आयुष्यभर तंबाखू खाल्लेली, तेव्हा हा कॅन्सरच, असं त्याने मनाशी धरलं आणि कुणाला न सांगता तोंडाला पंचा गुंडाळून फिरू लागला.

रोह्याला त्याची थोरली बहीण हौसा राहायची. दर भाऊबीजेला तो तिच्याकडे जायचा. पण गाठ पाहून ती रडून आकांत करेल, म्हणून त्या वर्षी गेला नाही. पुढच्या वर्षीही फोनवर काहीबाही कारण सांगितलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात हौसा झोपेतच गेली.

तिच्या दिवसांना पंचा सुटला आणि भाची वैशालीने गाठ पाहिली. तिने त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गाठ काढून तपासायला पाठवली.

रिपोर्ट आला तेव्हा ते म्हणाले, "आजोबा, कॅन्सर नाही. बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, साधा. उतारवयात छातीपाठीवर लाल ठिपके येतात, तसलाच प्रकार. ओठावर एवढा मोठा क्वचित दिसतो."

बाहेर बाकावर बसून पुंडलिक रडू लागला.

"मामा, आता रडतोस कशाला?"

"हौसाला भेटाया हवं व्हतं गो."

वैशाली म्हणाली, "आईला वाटायचं, तू तिच्यावर रागावलास. माझं काय चुकलं, म्हणून विचारायची."

"तिचं काय बी चुकलं नाय," पुंडलिक म्हणाला.