सतरा चुलींचा धूर

गल्लीत मेलेला उंदीर दिसला आणि मिडल पास मार्तंड "पिलेग! पिलेग!" ओरडत सतरा दारं फिरला. ही त्याच्या शिक्षणाची पहिली लोकसेवा. साल एक्केचाळीस. दुपारपर्यंत हिंगोलीची भुंजेगल्ली गाडगीमडकी उचलून माळावर खोपटं बांधायला निघाली.

मागं राहिली एकटी मनकर्णा. विधवा बाई, फुटाणे भाजून जगायची. भट्टी काही डोक्यावर घेऊन जाता येत नाही.

"काकू, चला ना! मराल!" मार्तंड तिला म्हणाला.

"इकडं या, बापू." तिनं चिमट्यानं उंदीर उलटा केला. "गळ्याला तारंचा वळ हाय. पिलेगचा उंदीर झिंगून पडतो. ह्यो सापळ्यात मेला. गल्लीच्या मागं अजून दोन हायेत, तसेच. काहून?"

तेवढ्यात दवंडी आली: परवा तहसिलीचे पेशकारसाहेब ओसाड घरांची पाहणी करणार. गल्लीच्या जागेवर होणाऱ्या नव्या मोंढ्याचं, म्हणजे धान्यबाजाराचं, काम तातेराव गुत्तेदाराकडं होतं, आणि ओसाड घर पाडायला मोबदला लागत नाही. उंदीर सकाळी, दवंडी दुपारी! मार्तंडाच्या डोक्यात उजेड पडला, जरा उशिरा.

तो माळावर धावला. "सकाळी पिलेग म्हणला, आता सापळा म्हणून राहिला!" म्हणत लोकांनी त्याला हाकललं.

"मग ज्या घरात चूल पेटती, त्येला ओसाड कोण म्हणंल?" तो परतल्यावर मनकर्णा म्हणाली.

घरी कधी फुंकणीला हात न लावलेला मार्तंड दोन दिवस भट्टीतले निखारे खापरात घेऊन दारोदार फिरला. कड्या काढायच्या, चूल फुंकायची, डोळे पुसायचे. गोवऱ्या सगळ्या मनकर्णाच्या.

पेशकार आले तेव्हा सतराही छपरांतून धूर निघत होता.

"तातेराव, ये तो आबाद है!"

"साब, पिलेग..."

मनकर्णानं सुपातले तीन उंदीर पुढं केले. "सायब, गळे बघा. पिलेग काय तार बांधून येतो?"

नाकाला रुमाल लावून पेशकारांनी बघितलं आणि कागदावर 'आबाद' लिहिलं.

"लई महागात पडंल, बाई," तातेराव पुटपुटला.

"फुटाणे घ्या, गुत्तेदार. ते स्वस्त हायेत."

सापळ्याची गोष्ट पटली तशी माळावरची माणसं परतली. जळणाच्या भरपाईला घरटी एकेक पाटी गोवऱ्या मनकर्णाच्या दारात आल्या. एक पाटी तिनं मार्तंडावर बसवली, त्या पिलेगच्या आरोळीची. तो शेणात हात घालायला अजून मुहूर्त बघतोय. ती रोज विचारते, "बापू, पाटी?" आणि हातावर मूठभर फुटाणे ठेवते.