गच्चीवरचे गुरुवार

खराडीतल्या त्या टोलेजंग इमारतीत एक कुजबुज लिफ्टपेक्षा भराभर वरखाली करत होती. पाचव्या मजल्यावरच्या तुळजाबाईंचं म्हणे या वयात कुणाशी तरी जमलंय. दर गुरुवारी दुपारी बाई डोक्यावरून न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात फूल माळून गच्चीवर जातात आणि पाण्याच्या टाकीआड बसून बोलतात. मध्येच रडतात, मध्येच हसतात. चौथ्या मजल्यावरच्या हेमाताई कुरडया वाळत घालायला गेल्या, तेव्हा त्यांनी पुरुषाचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला, "मनात काही ठेवू नका. मोकळेपणाने बोला." कुरडया राहिल्या ओल्या, बातमी मात्र संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळून घरोघर पोचली.

इमारत उभी आहे, तिथे आधी तुळजाबाईंचा गोठा होता. जमीन बिल्डरला गेली, बदल्यात फ्लॅट मिळाले, आणि त्यांचे यजमान गेनबा यांनी एका सकाळी म्हशी टेंपोत चढवून दिल्या. भाव चांगला आला, घरचे खूश. तुळजाबाईंचे हात तेवढे रिकामे झाले. पहाटे जाग यायची, धार काढायला काही नसायचं. आधी बोलणं तुटलं, मग जेवण. खिडकीचा पडदा त्या सारू देईनात, कारण गोठ्याच्या जागी खाली गाड्या दिसायच्या. मुलगा इंद्रजीत म्हणाला, "डॉक्टरला दाखवू."

"मला येडी ठरवताय व्हय?" बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

सून भाग्यश्री आयटीतली. ती वाद घालत बसली नाही. आयुष्यात उलथापालथ झालेल्या माणसाने घरबसल्या स्वतःला कसं सावरावं, याचा एक मराठी अभ्यासक्रम तिने सासूच्या मोबाइलवर सुरू करून दिला. आठवड्याला एक धडा ऐकायचा, सांगितलेलं करायचं. "आई, नेमाने करा. खंड पाडू नका. आणि एकट्याच बसा," एवढं बोलून ती कंपनीची बस पकडायला पळाली.

आता नेमाने, खंड न पाडता, एकटीने करायची गोष्ट तुळजाबाईंना जन्मात एकच ठाऊक होती. त्यांनी व्रत धरलं. धडा संपेपर्यंत उपास, आणि सुरू करण्याआधी मोबाइलला हळदकुंकू. उद्यापनाआधी व्रताची वाच्यता करायची नसते, म्हणून तोंडाला कुलूप. धड्यातला माणूस म्हणाला, जे टाळता त्याच्याकडे रोज थोडं थोडं जा. बाई रोज थोडा थोडा पडदा सारू लागल्या. ताटात दुसरी भाकरी पडू लागली. सून खूश होती. गच्चीवरचा थाट तिला कुठे ठाऊक?

कुजबुज देवळापुढच्या पारावर, पत्त्यांच्या डावात पोचली. "गेनबा, तुमच्या घरात गुरुवार लई कडक पाळत्यात म्हणं," कुणीतरी पान टाकता टाकता म्हणालं. गेनबा तसेच घरी आले आणि बायकोचा मोबाइल स्वतःच्या खिशात घातला.

"आता बोल कुणाशी बोलायचं ते."

तो गुरुवार कोरडा गेला. पडदा मिटला, भाकरी ताटात तशीच राहिली. शेवटचा धडा उरला होता आणि एवढ्यावर सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतंय, हे तुळजाबाईंचं त्यांनाच कळत होतं. व्रताचं सांगता येईना. पण दुसऱ्याने ऐकू नये असं कुठे लिहिलंय? पुढच्या गुरुवारी त्या लुगडं नेसून नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या.

"चला वर. बघा कोण हाय ते."

टाकीआड दोघं बसली. गेनबांनी खिशातला मोबाइल काढून मध्ये ठेवला, बाईंनी धडा लावला. मोबाइलमधला आवाज म्हणाला, जो दिवस सगळ्यात जड गेला, तो पहिल्यापासून मोठ्याने सांगा. तुळजाबाईंनी सांगितला. चांदी म्हैस टेंपोत चढत नव्हती. काठी झाली, दोर झाला. मग गेनबांनी बायकोला हाक मारली. "मी टेंपोच्या तोंडाशी उभी राहून चांदे, चांदे म्हणलं. माझ्या आवाजाला भुलून चढली ती."

गेनबा तिच्याकडे वळले. "मला का न्हाई सांगितलंस?"

"पत्त्यातनं मान वर केली असती, तर सांगितलं असतं."

गेनबांनी मोबाइल उपरण्याने पुसून तिच्या हातात दिला.

उद्यापनाला इमारतीतल्या सगळ्या बायका बोलावल्या. पडदा सताड उघडा, घरभर पुरणाचा वास. हेमाताई सगळ्यांच्या आधी हजर. "व्रत कुठल्या देवाचं हो?" त्यांनी विचारलं.

तुळजाबाईंनी पाहुण्यांना ताटकळत ठेवून पहिली ओटी सुनेची भरली. "हिनं दिलेलं व्रत. मी उठून बसले, ती हिच्यामुळं. हे उपकार फिटायचे न्हाईत."

"आई, मी फक्त डाउनलोड केलं हो," भाग्यश्री डोळे पुसत म्हणाली.

"मग हेमाताईंनाबी करून दे. माझ्या काळजीनं त्यांची झोप उडालीय म्हणं."

हेमाताईंनी पुरणपोळीवर तूप मागितलं.

गच्चीवर दुसरं कुणीही नव्हतं. तो मोबाइलमधला रेकॉर्ड केलेला आवाज होता, आणि तुळजाबाई त्याला आपल्या म्हशींबद्दल सांगत होत्या.