लाइटवाला दिसतो तो भाग

आजोबा लग्नांचे फोटो काढत, बाबा व्हिडिओ शूटिंग करत. चामोर्शीच्या एका लग्नात मी हट्टानं कॅमेरा खांद्यावर घेतला आणि बाबांच्या हातात हॅलोजनचा लाइट दिला. आम्ही दोघं एडिटिंगला बसलो तेव्हा बाबा म्हणाले, "अक्षता पडताना लाइटवाला दिसून राह्यला. काप तेवढं." मी मुद्दाम कापलं नाही.

नवरदेवाच्या घरी कॅसेट लावली. त्याचा मामा सगळ्यांदेखत म्हणाला, "पोरीले काय जमते? बापानंच काढली असन."

मी अक्षतांची वाट पाहत बसले. अक्षता पडल्या आणि हॅलोजन धरलेले, घामानं निथळणारे बाबा टीव्हीवर आले. मी तिथेच कॅसेट थांबवली.

"बाप तर हा उभा आहे, मामाजी. मंग कॅमेरा काय भुतानं धरला होता?"