शून्यातला ठिपका

कितीतरी गुन्ह्यांचे नंबर मी विसरलो. पण लातूरला असतानाच्या एका रविवारची ती घटना आजही तासातासाच्या तपशिलासकट आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो. त्या प्रकरणात गुन्हेगार कुणीच नव्हता. चूक मात्र झाली होती.

भूकंपाला आठ-नऊ वर्षं झाली होती. शहरात शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. गल्लोगल्ली भाड्याच्या खोल्या, मेस, आणि डॉक्टर व्हायला आलेली खेड्यापाड्यांतली पोरं. चाचणीचा निकाल लागला की ठाण्यात पोर हरवल्याची एखादी तरी तक्रार, आमच्या भाषेत मिसिंग, यायचीच. बहुतेक पोरं दोन दिवसांत मामाच्या घरी सापडायची. म्हणून एका घरमालकाने सकाळी येऊन सांगितलं, की सतरा वर्षांची एक मुलगी कालच्या संध्याकाळपासून खोलीवर नाही, तेव्हा मी चहा संपवूनच उठलो.

मिसिंग दाखल केली, वायरलेसवर वर्णन दिलं, हवालदाराला खोलीच्या पंचनाम्याला पाठवलं. तेवढ्यात निनावी फोन आला. "दर ऐतवारी एक म्हातारा त्या पोरीला भेटाया येतो. खाकी कपडे, गळ्यात रुमाल. त्याला धरा." असा फोन आला की पोलिसाला आपण हुशार आहोत असं वाटू लागतं. आम्ही स्टँडवर माणूस लावला. साडेनऊच्या सुमारास औशाकडून आलेल्या गाडीतून म्हातारा उतरला आणि आमच्या माणसाने त्याला थेट ठाण्यात आणलं.

ते खेड्यातल्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते, स्काऊट पथक चालवणारे. सोबत गाईडच्या मुलींना शिकवणाऱ्या एक शिक्षिका होत्या. फोन करणाऱ्याने या बाईंचा उल्लेखच केला नव्हता. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडांत राहणाऱ्या लेकरांसाठी या दोघांनी पथक सुरू केलं होतं. हरवलेली मुलगी त्यातलीच, आई ढिगाऱ्याखाली गेलेली. आता ती लेकरं मोठी होऊन शहरात शिकायला आली होती, म्हणून दर रविवारी दोघे मिळून खोल्याखोल्यांवर त्यांना भेटून जायचे. हे सगळं सरांनी पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. मी विश्वास ठेवला नाही. कुणी सांगितलेलं नसताना माणूस इतकी पायपीट कशाला करेल, हे माझ्या वर्दीतल्या डोक्यात शिरत नव्हतं.

जामा झडती घेतली. पट्टा, रुमाल, गळ्यातल्या दोरीची शिट्टी, सगळं काढून कपाटात ठेवलं. सर शांत होते. सराईत माणूस असाच शांत असतो, हे माझं त्यावेळचं ज्ञान. उलटसुलट विचारलं, आवाज चढवला. ते एकच म्हणत राहिले, "साहेब, मला तिची खोली बघू द्या."

"कशाला? पुरावा पुसायला?"

बाहेरच्या बाकावर बाई बसून होत्या. तिथून त्या म्हणाल्या, "साहेब, पोरीला हुडकायचं सोडून तुमी सरांनाच धरून बसले. दिवस चाललाय." मी त्यांनाही दटावलं.

तीनच्या पुढे मुलीचे वडील आले. ते पुनर्वसनाच्या नव्या गावात राहत. हवालदार त्यांना पंचनामा वाचून दाखवू लागला. पलंग, पुस्तकं, पाण्याची कळशी, आणि "दाराच्या आतील बाजूस खडूने काढलेले शून्य." ते शून्य तिने आपल्यासाठीच काढलं, असं वडिलांना वाटलं. चाचणीत तिला मार्क कमी पडले होते. "मीच फोनवर बोललो तिला. मेलेल्या आईचं नाव घेऊन बोललो," असं म्हणत तो रांगडा माणूस ढसाढसा रडू लागला.

आतल्या खोलीतून सरांचा आवाज आला. "हवालदारसाहेब, त्या शून्याच्या मधी टिंब हाय का?"

हवालदार चाचरला. "आहे. खडू टेकला आसंल म्हणून लिहिलं न्हाई."

सर उठून दारात आले. "शून्य न्हाई ते. आमची खूण हाय. माग काढायच्या खेळात शेवटाला काढतेत. 'मी घरी गेले' आसा तिचा अर्थ."

"घरी तर मी व्हतो," वडील म्हणाले. "आली न्हाई ती."

तोवर बाई आत आल्या होत्या. "भाऊ, नव्या घरी न्हाई. शेडात हा खेळ शिकवला, तवा समद्या लेकरांनी आपापल्या शेडाच्या दाराशी खूण काढली. तुमची पोरगी उठली आन् जुन्या गावात गेली. पडक्या घराच्या दगडावर काढली. मीच हाताला धरून माघारी आणली व्हती."

जीप काढली. निघताना कपाटातली शिट्टी आणि रुमाल सरांच्या हातात दिले. तेव्हाच माफी मागायला हवी होती, पण वर्दीत ती लवकर तोंडातून निघत नाही.

जुन्या गावात बाभळी माजल्या होत्या. ऊन उतरलं होतं. मी शिपाई चारी बाजूंना पांगवणार, तोच सर म्हणाले, "पोलीस बघून बिचकंल ती. मला वाजवू द्या." त्यांनी आखूड आखूड शिट्ट्या वाजवल्या. पथकात त्याचा अर्थ 'गोळा व्हा'. काहीच हललं नाही. पुन्हा वाजवल्या. तिसऱ्या खेपेला आडाच्या कठड्यामागून एक मुलगी उठली. संथ पावलांनी आली, सरांपासून तीन पावलांवर थांबली, टाचा जुळवल्या आणि सावधान उभी राहिली. मग बाईंच्या गळ्यात पडली.

रडता रडता तिने सांगितलं ते मी ऐकलं. अंधार पडेपर्यंत वाट बघायची, आणि कुणी आलं नाही तर आडात उडी टाकायची, असं तिने ठरवलं होतं. रविवारी सर खोलीवर येतील, खूण वाचतील, एवढाच तिला भरवसा होता. खूण बघून ती कुठल्या घरी गेली, हे त्या दोघांखेरीज शहरात कुणाला कळणार होतं?

"सर, सकाळपासून वाट बघायलेय मी," ती म्हणाली. "लई उशीर केला तुमी."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. आता सर माझ्याकडे बोट दाखवतील म्हणून मान खाली घातली.

"हाव पोरी," सर म्हणाले. "चुकलं माझं."

त्यांच्यावर संशय घेतला याचा मला पस्तावा नाही. लेकरांजवळ जाणाऱ्या मोठ्या माणसाची चौकशी व्हायलाच हवी, आणि हे सरांनीही परतीच्या वाटेवर मान्य केलं. पस्तावा आहे तो दिवसभर विचारत राहिलो आणि ऐकलं नाही याचा. त्या दाराची खूण वाचू शकणारा माणूस सकाळी साडेनऊला माझ्यासमोर होता, आणि मी त्याच्या गळ्यातली शिट्टी काढून कपाटात ठेवत होतो.

दुसऱ्या दिवशी पुरवणी पंचनामा करून तो ठिपका नोंदवला. सरांनी स्वतःवर घेतलेली चूक मात्र कुठल्याच कागदावर आली नाही. ती माझी होती, हे आज इथे लिहून देतो.