तीन काळे सुळके

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, बरीच वर्षं ओमानमध्ये बोअरिंगच्या मशीनवर मेकॅनिक होते. कायमचे परत आले ते दुखरी कंबर आणि एक सोन्याची खाण घेऊन. कंबर डॉक्टरांनी बरी केली. खाण राहिली.

ती त्यांनी पाहिलेली नव्हती. बरोबर काम करणाऱ्या एका बलुची ड्रायव्हरने त्यांना ती सांगितली होती. वाळवंट संपून उघडे डोंगर सुरू होतात, तिथे एका कोरड्या नदीच्या पात्रातून वर गेलं की तीन काळे सुळके एका रांगेत दिसतात. मधल्याच्या पोटात कुठल्याशा जुन्या राजाची खाण. भूकंपात तिचं तोंड बुजलं आणि सोनं आतच राहिलं. एखाद्या शुक्रवारी सुट्टी बघून दोघांनी जायचं ठरवलं होतं, पण गाडी कंपनीची, ती काही मिळेना. पुढे ड्रायव्हर आपल्या गावी गेला आणि त्याचा फोनही लागेनासा झाला.

घोडपदेवला ताईच्या घरी पाहुणा आला की चहाबरोबर ही खाण यायचीच. ताई ओट्यापाशी उभी राहून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "अहो, राजाला सोडा आता, जेवायला बसा." भायखळ्याच्या मंडईत भाजीवालीने भाव चढवला, तर म्हणायची, "आमच्या ह्यांची खाण उघडू दे, मग देते तुला एवढे."

पुढे त्यांची मुलगी मस्कतच्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली आणि तिने थंडीत आईवडलांना बोलावलं. "तुझ्या भावोजींना मी एकटी सांभाळणार नाही," म्हणत ताईने मलाही ओढलं. मी परळला एका लॅबमध्ये काम करते, माझ्या रजा तशाही साठल्या होत्या.

मस्कतमध्ये आधी समुद्र पाहिला, मग मॉल पाहिले. भावोजी सगळीकडे यायचे, पण बोलायचे नाहीत. शेवटी एका सकाळी नाश्ता करताना ताईच म्हणाली, "चला, बघून येऊ ती खाण. माझे कान तरी मोकळे होतील."

"पप्पा, रस्ता आठवतोय का?" भाचीने विचारलं.

"मी गेलोच नाही कधी, आठवणार काय? गावाचं नाव तेवढं माहीत आहे."

ताईने भाकऱ्या थापल्या, मुंबईहून आणलेली सुक्या जवळ्याची चटणी डब्यात भरली आणि आम्ही निघालो. भाची गाडी चालवत होती. हळूहळू दोन्हीकडे डोंगर आले. आपले डोंगर उन्हाळ्यातही कुठेतरी हिरवे असतात, इथे मात्र गवताची काडी नव्हती.

"ह्या राजाला राहायला दुसरी जागा नाही मिळाली?" ताई म्हणाली.

गावाच्या पुढे रस्ता संपला. गाडी लावून आम्ही कोरड्या पात्रातून चालत वर गेलो. एका वळणावर भावोजी थांबले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. समोर तीन काळे सुळके होते, एका रांगेत.

"खरं बोलत होता तो," ते म्हणाले. एवढंच.

मधल्या सुळक्याच्या पायथ्याशी खरोखरच भोकं होती, माणूस वाकून जाईल एवढी. खाली काळ्या, जड खड्यांचे ढीग होते, पाय पडला की काचेसारखे करकरायचे. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारे गृहस्थ आले. आमच्याकडे बघून चांगल्या हिंदीत म्हणाले, "सोना ढूँढने आये? सब आते हैं."

मग त्यांनी समजावलं. खाण खरी, पण तांब्याची. फार जुन्या काळी इथे तांबं वितळवायचे, हे काळे ढीग त्याच भट्ट्यांचे. सोनं इथे कधीच नव्हतं, ते लोकांनी गोष्टीत घातलं.

भावोजींनी एक खडा उचलून हातात तोलला. मला वाटलं, आता हा माणूस खचणार. पण ते चक्क हसायला लागले.

भडकली ती ताई. "चाचा, आपको किसने बोला तांबा? इतने साल से सुन रही हूँ मैं. सोना ही है." आणि आम्ही अडवायच्या आत मोबाइलचा टॉर्च लावून ती एका भोकात शिरलीसुद्धा. आतून दगड घसरल्याचा आवाज आला. नंतर पाय आधी, बाकीची ताई मागून, अशी ती बाहेर आली. सलवार गुडघ्यावर फाटली होती.

"हिरवं आहे सगळं आत," ती म्हणाली. "तांब्याच्या जुन्या भांड्यावर चढतं ना, तसं." आणि मटकन दगडावर बसली.

भावोजी तिच्या शेजारी बसले. "अगं, तुझा तर कधी विश्वासच नव्हता."

"नव्हताच." तिने गुडघ्यावरची धूळ झटकली. "पण तुम्ही इथे होतात तेव्हा फोनवर दुसरं काही सांगायचात का? जेवलात का विचारलं तर हं, बरं आहे का विचारलं तर हं. खाणीचं सांगायला लागलात की मला कळायचं, आज माणूस बरा आहे."

बाटलीतलं पाणी हातावर घेऊन भावोजींनी तिचा गुडघा धुतला. भाची आणि मी उगाच शेळ्यांचे फोटो काढत राहिलो.

मग डबा उघडला. म्हाताऱ्यांनी आपल्या थर्मासमधली कॉफी आणि खजूर दिले, आम्ही भाकरी दिली. जवळ्याची चटणी त्यांना इतकी आवडली की ताईने डबाच त्यांच्या हातात ठेवला. तोवर तिचा रागही गेला होता.

घोडपदेवला परतलो त्या संध्याकाळी शेजारचे काका लगेच आले. "मिळालं का?" भावोजींनी सगळं नीट सांगितलं, सोनं नव्हतं, तांबं होतं, तेही केव्हाच संपलं. काका विचारात पडले.

"तांब्यालापण हल्ली चांगला भाव आहे हं," ते म्हणाले, आणि भोकं नेमकी केवढी होती ते विचारू लागले.