दहावी बाई

नाथाजी बर्गे मूळचे कोरेगावचे. फौजेच्या पुरवठा खात्यात चोवीस वर्षं पोती मोजून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि १९९१ साली सांगलीत त्यांनी हळद दळायची गिरणी टाकली. पत्र्याची शेड, एक मोटर, एक चक्की आणि हळकुंडं निवडायला बायका. मोटर ते स्वतः चालवत. बायका नऊ.

हा आकडा सुमंत अभ्यंकरांनी दिला होता. अभ्यंकर कारखानदारांना कामगार कायद्याचा सल्ला देत. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसं कामाला असली की ती फॅक्टरी. मग परवाना, रजिस्टरं, तपासणी, सगळं मागे लागतं. नऊ ठेवा आणि सुखानं झोपा."

"नऊ म्हंजे नऊ," नाथाजी म्हणाले. हुकमामागचं कारण विचारायची त्यांना सवय नव्हती.

तीन वर्षं ते रोज सकाळी बायका मोजत. हंगामात पोत्यांची थप्पी पत्र्याला टेके, व्यापारी दारात येऊन ओरडत, तरी दहावी बाई त्यांनी घेतली नाही. सगळ्यांत जुनी हरणाबाई. ती जतकडची, आणि बाकीच्यांतल्या सहा जणी तिनंच तिकडून आणलेल्या, त्यामुळे शेडमध्ये दिवसभर कानडी चाले. ती एकदा म्हणाली, "मालक, माझी बहीण शालू घरात बसून हाय. घ्या की तिला."

"तुझी बहीण लय गुणाची असंल," नाथाजी म्हणाले, "पण ती दहावी हाय."

शालूबाई तशीही दुपारी येई. हरणाबाईचं तान्हं पाजायला घेऊन यायची आणि परत न्यायची. हजेरीपत्रकात तिचं नाव नव्हतं, म्हणून नाथाजींच्या लेखी ती शेडमध्ये नव्हतीच.

१९९४ च्या एप्रिलात बरोबर दुपारीच फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. नाथाजींनी सलाम ठोकून हजेरीपत्रक पुढे केलं. ते न उघडताच साहेब आत गेले आणि बोटानं मोजू लागले.

"दहा."

"नऊ, साहेब."

"तुम्ही मोजा."

नाथाजींनी मोजलं. हरणाबाई कोपऱ्यात पाठमोरी बसून लेकराला पाजत होती आणि तिच्या जागेवर बसून शालूबाई हळकुंडं निवडत होती.

"ही कामाला न्हाई साहेब. पोरगं घिऊन येती."

"मग तिच्या हातात काय आहे?"

सगळ्यांनी शालूबाईच्या हाताकडे पाहिलं. हातात हळकुंड होतं.

"बाई, तुम्हाला इथं पगार मिळतो?"

"न्हाई."

"मग का निवडताय?"

"रिकामं बसून काय करू?"

साहेबांनी हे उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं. जाताना त्यांनी नाथाजींना समजावलं, की पगार मिळो न मिळो, काम करतो तो कामगार, असं कायदाच म्हणतो.

दीड महिन्यानं समन्स आलं. त्यात नाथाजींचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'आरोपी, भोगवटादार', म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात तो. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावापुढे कुणी लाल शाईनं शिक्षेची नोंद केली नव्हती. दोन दिवस ते जेवले नाहीत. भूक नाही असं घरी सांगितलं.

"एवढं काही नाही," अभ्यंकर म्हणाले. "ती पाहुणी होती, सहज आली होती, असं म्हणायचं. तीही तसंच म्हणेल. वकील बाकीचं बघतील."

कोर्टात नाव पुकारल्यावर नाथाजी सावधान उभे राहिले. न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" वकिलांनी मान हलवून 'नाही' म्हणायची खूण केली.

"दहा व्हत्या साहेब," नाथाजी म्हणाले. "मी सोता मोजल्या."

दंड झाला. नाथाजींनी तो भरला आणि पावती मागून घेतली.

कबूलच केलंय म्हटल्यावर नाथाजींनी रीतसर फॅक्टरी करायची ठरवली. कायद्याचं मराठी पुस्तक आणलं आणि पेन्सिलीनं खुणा करत वाचलं. भिंतींना चुना दिला आणि चुन्याची तारीख रजिस्टरात लिहिली. वाळू भरून चार पिकदाण्या ठेवल्या. शालूबाईचं नाव हजेरीपत्रकात चढवलं. शेडमागे बायकांसाठी दार आणि कडी असलेला संडास बांधला. पाण्याच्या जागी 'पिण्याचे पाणी' असं बहुतेक कामगारांना समजेल त्या भाषेत लिहावं लागतं, म्हणून बिराप्पा पेंटरकडून ते कानडीत लिहून घेतलं. दहापैकी एकीलाही कुठलीच अक्षरं वाचता येत नव्हती.

पंधरा दिवसांत नाथाजींच्या लक्षात आलं, की दुपारीच माठ कोरडा पडतोय. आधी तो संध्याकाळीही निम्मा भरलेला असे.

"पाटीचा गुण बघ," ते हरणाबाईला म्हणाले.

"पाटीचा न्हाई, मालक. आधी आमी पाणी पीतच नव्हतो."

"का?"

"प्यालं की जावं लागतंय. जायाला जागा कुठं व्हती? सकाळी घरनं निघताना घोटभर प्यायचं, मग सांजच्याला घरी."

"उन्हाळ्यात बी?"

"व्हय."

"तीन वर्सं? अगं, मग बोलली का न्हाईस?"

"बाप्या मानसाला कसं सांगायचं?"

नाथाजींनी जाऊन मोटर चालू केली. चक्कीत हळद नव्हती. ती थोडा वेळ तशीच रिकामी फिरली, मग त्यांनी बंद केली. त्याच दिवशी बाजारातून दुसरा माठ आणला.

१९९७ पर्यंत बायका चौदा झाल्या. त्या साली तपासणीला दुसरे इन्स्पेक्टर आले. शेडच्या बाजूला नवी खोली दिसली. आत दोन पाळणे, सतरंजी आणि तिघा पोरांवर लक्ष ठेवून बसलेली धोंडुबाई नावाची म्हातारी.

"पाळणाघर तीसपेक्षा जास्त बायका असतील तर लागतं," साहेब म्हणाले. "तुमच्याकडे चौदा आहेत."

"ठावं हाय साहेब."

"मग कुठल्या कलमाखाली बांधलंत?"

नाथाजींनी विचार केला. कलम आठवेना. त्यांनी चहा मागवला. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, 'पाळणाघर आढळले. आवश्यकता नाही,' आणि खाली सही केली.